धाब्याने मारले, पत्रा भाजतो : बौद्धवाडीतील जुन्या घरांचे काय?

मागच्या उन्हाळ्यात चिपळूण तालुक्यातील एका बौद्धवाडीतून सत्तरीच्या घरातले एक आबा कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. जय भीम झाला, पाणी झाले आणि त्यांनी पिशवीतून घराचा फोटो काढला. चिऱ्याचे घर. त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या गिरणीत राबून, मनीऑर्डरच्या पैशातून उभे केलेले. पूर्वी वर मंगलोरी कौले होती. माकडांनी कौले फोडून जीव नकोसा केला म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी पत्रे घातले. आता एका कोपऱ्यात भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे, आणि दुपारी घरात बसवत नाही म्हणून आबा दिवसभर आंब्याखाली बसतात.

आबांची मागणी साधी होती. तडा नीट करायला आणि छप्पर सुधारायला शासनाकडून काही मदत मिळेल का? एका कार्यालयात त्यांना सांगण्यात आले होते की दुरुस्तीला योजना नाही. घर पाडा, जागा मोकळी करा, मग घरकुलाचा अर्ज करा. शिवाय जागेचा सातबारा तुमच्या नावावर नाही, तेव्हा तेही अवघडच.

आबा म्हणाले, "वकीलसाहेब, उभं घर पाडायचं आणि मग मिळतंय की नाही ते बघायचं, हा कुठला न्याय?"

हा प्रश्न एकट्या आबांचा नाही. मंडणगडपासून राजापूरपर्यंत डोंगरउतारावर वसलेल्या आपल्या बहुतेक वाड्यांचा तो प्रश्न आहे. घरकुल योजनांवर आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, ते योग्यच होते. परंतु जी घरे आज उभी आहेत, ज्यांत आपली माणसे आज रात्री झोपणार आहेत, ती भूकंपात टिकतील काय आणि वैशाखात राहण्याजोगी आहेत काय, हे आपण कधी विचारले नाही. हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वीज आणि हादरा एकाच खोऱ्यातून

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. तीव्रता ६ रिश्टरहून अधिक होती. सुमारे १८० माणसे मेली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणात साठवलेल्या पाण्याशी या भूकंपाचा संबंध आहे, हे पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासले. त्यानंतर गेली पन्नासहून अधिक वर्षे या परिसरात लहान-मोठे धक्के बसतच आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने कऱ्हाड येथे प्रयोगशाळा उभारली आणि सुमारे ३ किलोमीटर खोल विंधन घेतले.

धरण सातारा जिल्ह्यात असले तरी त्याचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरते आणि वीज तयार होते ती आपल्या चिपळूण तालुक्यात, पोफळी आणि अलोरे येथे. तेच पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. म्हणजे महाराष्ट्राला प्रकाश देणारी वीज आणि जमिनीखालचा हादरा, दोन्ही एकाच खोऱ्यातले आहेत. २००२ सालच्या भूकंपमानक नकाशात कोयना परिसर चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या विभागात दाखवला गेला. रत्नागिरी जिल्ह्याचा काही भाग त्या चौथ्या विभागात आणि उरलेला तिसऱ्या विभागात येतो. जैतापूरच्या अणुप्रकल्पावरून २०१०-११ च्या सुमारास विभाग तिसरा की चौथा यावर मोठा वाद झाला. अणुभट्टी भूकंपात टिकेल काय, हे विचारणे आवश्यकच होते. पण त्याच जमिनीवर उभी असलेली बौद्धवाडी टिकेल काय, हे त्या वादात कुठल्या बाजूने विचारले?

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले. शासनाने काय केले? धरण पाडले नाही. तडे भरले, भिंतीला मागून आधार दिला. धरणाचा सांडव्याखेरीजचा भाग १९७३ पर्यंत मजबूत करण्यात आला आणि सांडव्याचा भाग २००६ पर्यंत. बांधलेली वास्तू पाडण्यापेक्षा तिचे मजबुतीकरण करणे शहाणपणाचे आणि स्वस्त असते, हे तत्त्व शासनाला पूर्ण मान्य आहे. धरणाच्या तड्याला अभियंते धावतात आणि आबांच्या भिंतीच्या तड्याला "घर पाडून या" असे उत्तर मिळते. हा भेद का?

किल्लारीने शिकवलेला धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे मेली, काही नोंदींत हा आकडा त्याहून मोठा आहे. भूकंपाची तीव्रता कोयनेइतकीच होती. मग माणसे इतकी का मेली?

मेली ती घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यावर लाकडी खणांच्या आधाराने टाकलेले मातीचे धाबे. हे धाबे दीड-दोन फूट जाड असे. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी वर आणखी माती पडायची आणि वजन वाढत जायचे. हादरा बसताच भिंतीचे दगड बाहेर फेकले गेले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर कोसळली.

आता विचार करा, मराठवाड्यातल्या माणसाने डोक्यावर एवढी माती का घेतली? तो अडाणी होता म्हणून नव्हे. मराठवाड्याच्या उन्हात मातीचे धाबे घर थंड ठेवते म्हणून. म्हणजे जे छप्पर उन्हापासून वाचवण्यासाठी घातले, त्यानेच भूकंपात जीव घेतला. आणि गावकुसाबाहेर ज्यांना दगडी वाडे बांधणे कधी परवडलेच नाही, अशा गवताच्या आणि पत्र्याच्या हलक्या घरांतील माणसे अनेक ठिकाणी तुलनेने वाचली. जातिव्यवस्थेने लादलेल्या दारिद्र्याने त्या रात्री त्यांचा जीव वाचवला, हा केवढा क्रूर विनोद!

भूकंपानंतर मराठवाड्यात भीतीपोटी लोकांनी धाबी उतरवली आणि पत्रे घातले. पत्रा हलका, कोसळला तरी माणूस वाचतो. पण एप्रिल-मे महिन्यात त्याच पत्र्याखाली बाळंतीण, तान्हे मूल आणि म्हातारी माणसे भाजून निघतात. कोकणात तर वर दमट हवा. पंखा लावला तर गरम वाराच फिरतो आणि विजेचे बिल मात्र वाढते.

केवळ गारव्याचा विचार केला तर किल्लारीचे धाबे होते आणि केवळ भूकंपाचा विचार केला तर भट्टीसारखे पत्र्याचे घर होते. म्हणून ऊर्जेचा प्रश्न आणि भूकंपाचा प्रश्न वेगवेगळ्या विभागांच्या वेगवेगळ्या फायलींत ठेवून चालणार नाही. घर एकच आहे आणि त्यात राहणारी माणसेही तीच आहेत.

छप्पर उतरेल तेव्हाच दोन्ही कामे

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, त्याची चर्चा फार झाली. परंतु त्याच कार्यक्रमात कमी नुकसान झालेल्या गावांतील घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हाही मोठा भाग होता. म्हणजे जुने घर मजबूत करण्यासाठी घरमालकाला शासकीय मदत देणे या राज्यात पूर्वी घडलेले आहे. त्यासाठीचे तंत्रही उपलब्ध आहे. कमी ताकदीच्या दगडविटांच्या बांधकामासाठी भारतीय मानक १३८२८ आणि इमारतींच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी भारतीय मानक १३९३५ ही दोन्ही १९९३ सालीच प्रसिद्ध झाली.

कोकणातल्या चिऱ्याच्या घराला त्याचा अर्थ काय, ते सोप्या भाषेत सांगतो. जांभ्याचा चिरा स्वतः वाईट नाही. दोष आहे तो भिंती एकमेकींशी बांधलेल्या नसण्यात. हादरा बसला की समोरासमोरच्या भिंती वेगवेगळ्या हलतात, कोपरे उसवतात आणि आढ्याखालची त्रिकोणी भिंत आधी बाहेर पडते. उपाय असा की, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराच्या पातळीवर घराभोवती लोखंडी जाळीचा पट्टा भिंतीला घट्ट ठोकून त्यावर सिमेंटचा गिलावा करायचा. पेटीला पट्टी मारतो तसेच हे. कोपऱ्यात उभ्या सळया किंवा जाळी द्यायची. वासे, आढे आणि कैच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडायच्या आणि छपराच्या सांगाड्याला तिरके आधार द्यायचे. हेच जखडलेले छप्पर वादळातही टिकते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडे किती घरांचे पत्रे उडाले, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

आता उष्णतेचे. पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुन्याचा हात दिला की ऊन परतवले जाते. पत्र्याखाली हातभर पोकळी सोडून बांबूच्या चटईचे किंवा हलक्या फळ्यांचे छत केले की वरची धग खाली उतरत नाही. वळचणीखाली जाळीचे झरोके ठेवले की गरम हवा बाहेर पडते. यातल्या कशालाही फारसे वजन नाही. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचे कामही हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच आणले.

या दोन कामांची गाठ कुठे पडते? छप्पर उतरवले जाते तेव्हा. भिंतीच्या माथ्यावर पट्टा बसवायचा तर छप्पर काढावे लागते. छपराखाली छत करायचे तरी गवंडी-सुतार लागतातच. कौले जाऊन पत्रे येताना किंवा वादळानंतर पत्रे बदलताना दोन्ही कामे एकदम केली तर मजुरी एकदाच पडते. वेगवेगळी केली तर दुप्पट खर्च होतो, आणि बहुधा दुसरे काम कधीच होत नाही.

काही ठिकाणी ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात, तिथे सावध राहिले पाहिजे. वारा हवा म्हणून कोपऱ्याला लागून मोठी खिडकी फोडू नये. कोपऱ्यापासून निदान दोन फूट अंतर सोडावे. मधली भिंत पाडून हॉल मोठा करू नये. स्लॅब तापतो म्हणून त्यावर माती किंवा जाड कोबा चढवत जाऊ नये, तेच किल्लारीचे धाबे होईल. पांढऱ्या चुन्याने किंवा पातळ पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांनी काम भागते. जुन्या भिंतींच्या कोपऱ्यावर हजार लिटरची टाकी ठेवू नये, त्यात एक टन पाणी असते. आणि तडा गेलेला असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय नुसता सिमेंटने लिंपू नये. लिंपलेला तडा दिसत नाही, पण तो तिथेच असतो.

कायदा कोणाच्या घरापर्यंत पोचतो?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ साली आली, ती मोठ्या व्यापारी इमारतींसाठी. निवासी इमारतींसाठी २०१८ साली 'इको निवास संहिता' आली, ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामासाठी. आबांचे घर यांपैकी कशातच बसत नाही. इंदिरा आवास योजनेत काही काळ कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी निधीचा वीस टक्क्यांपर्यंत वाटा ठेवलेला होता. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना आली आणि सारा भर २५ चौरस मीटरच्या नव्या घरावर गेला. राज्याची रमाई आवास योजना माता रमाईंच्या नावाने आहे, तिचा लाभ अनेकांना झाला हे मान्य केले पाहिजे. परंतु तिचाही भर नव्या पक्क्या घरावरच आहे.

परदेशातही असे घडले आहे. इटलीने २०२० साली घरांची ऊर्जाबचत आणि भूकंपसुरक्षा अशा दोन्ही कामांसाठी खर्चाच्या ११० टक्के करसवलत दिली. दोन्ही कामे एकत्र जोडण्याची कल्पना उत्तम होती. पण खजिन्यावर प्रचंड बोजा पडला आणि सवलत कमी करावी लागली. यातून आपण एवढाच बोध घ्यावा की, करसवलतीचा फायदा कर भरणाऱ्यालाच होतो. ज्याला आयकरच लागत नाही त्या शेतमजुराला थेट मदत लागते. उलट नेपाळमध्ये काठमांडू खोऱ्यातील काही सरकारी शाळा आधीच मजबूत केल्या होत्या. २०१५ च्या भूकंपात त्या टिकल्या आणि लोकांना आसरा देण्याच्या कामी आल्या.

घर आमचे, जागा कोणाची?

रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो खोतीचा. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यामुळे. तरीही आज आपल्या कित्येक वाड्यांत घर पिढ्यान् पिढ्या आपले, पण सातबारावर नाव दुसऱ्याचे. मग दुरुस्तीच्या कर्जाला बँक नाही म्हणते, ग्रामपंचायत मालकाची संमती मागते आणि मालक संमतीची किंमत मागतो.

बांधवांनो, १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याची कलमे १६ ते १८ वाचा. स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या राहत्या घरातून कुळाला हुसकावता येत नाही, त्या घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे आणि हे संरक्षण शेतमजूर व कारागिरांच्या घरांनाही आहे. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीचा आठ-अ नमुन्याचा उतारा, वीजबिल, मतदारयादी ही कागदपत्रे जपून ठेवा. भिंत मजबूत करण्याआधी कागद मजबूत करा.

मेहेरबानी नव्हे, हक्क

चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९६) हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. अनुसूचित जातींच्या घरांसाठी जमीन संपादित झाली, जमीनमालक न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने संपादन कायम ठेवले. त्या निकालात न्यायालयाने सांगितले की निवारा म्हणजे डोक्यावर केवळ छप्पर नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित आणि नीटनेटके बांधकाम, स्वच्छ परिसर, हवा, उजेड, वीज, पाणी हे सारे त्यात येते. २०२४ साली एम. के. रणजितसिंह प्रकरणात त्याच न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये असल्याचे मान्य केले. या दोन निकालांना एकत्र वाचा. आबांची तडा गेलेली भिंत पहिल्यात येते आणि तापलेला पत्रा दुसऱ्यात.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापन योजना असते. कलम ३१ प्रमाणे तिच्यात धोक्याच्या जागा आणि धोका कमी करण्याचे उपाय असले पाहिजेत आणि तिचा दरवर्षी फेरआढावा झाला पाहिजे. जिल्हाधिकारी त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कलम ६१ सांगते की मदत आणि भरपाई देताना जात, धर्म, वंश, लिंग यांवरून भेदभाव करता येणार नाही. पण भेदभाव मदतीच्या रांगेतच होतो असे नाही. धोक्याच्या यादीत वाडीचे नावच नसणे हाही भेदभाव आहे.

आता काय करायचे?

पहिले काम सर्वेक्षणाचे. आपल्या समाजातून आज कितीतरी स्थापत्य अभियंते आणि तंत्रनिकेतनातून शिकलेले तरुण तयार झाले आहेत. त्यांनी सुटीच्या दोन रविवारी आपल्या वाडीतील प्रत्येक घराची नोंद करावी. भिंत कशाची, छप्पर कशाचे, तडे कुठे, जागा कोणाच्या नावावर. ही यादी ग्रामसभेत ठेवून ठराव घ्यावा आणि मजबुतीकरणाचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालण्याची मागणी करावी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी कशावर खर्च केला, ते माहितीच्या अधिकारात विचारावे. जिल्हा आपत्ती योजनेची प्रत मागून आपल्या वाडीचे नाव शोधावे.

दुसरे काम विहाराचे. वाडीतील विहार किंवा समाजमंदिर ही आपली पहिली मजबूत इमारत झाली पाहिजे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमध्ये हक्काच्या सुरक्षित छपराचे मोल किती असते, ते कळले. आपणही आत्मपरीक्षण करू या. विहाराच्या कमानीसाठी आणि संगमरवरासाठी आपण वर्गणी काढतो. भिंतीला पट्टा आणि छपराला पांढरा लेप देण्यासाठी कधी काढली? विहाराचे काम झाले की वाडीतल्या गवंड्यांना ते तंत्र हाताने शिकायला मिळेल आणि तेच गवंडी उद्या घरोघरी जातील.

तिसरी मागणी शासनाकडे. रमाई आवास योजनेत जुन्या घराच्या मजबुतीकरणासाठी आणि उष्णतारोधनासाठी स्वतंत्र अनुदान द्यावे. घर पाडण्याची अट असू नये आणि दोन्ही कामांचा एकच अंदाजपत्रक-नमुना तयार करावा. जे घर खरोखर धोकादायक आहे ते पाडून नवे द्यावेच. पण जे सावरता येते ते सावरू द्यावे.

ज्या जिल्ह्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, ज्या दापोलीत त्यांनी पाटीवर पहिली अक्षरे गिरवली, त्या जिल्ह्याची ही गोष्ट आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला, तो स्वस्त आणि मुबलक वीज गरिबाच्या आयुष्यात बदल घडवील या विचाराने. ती वीज आपल्याच डोंगराच्या पोटात तयार होते आहे. तिचे बिल तापलेल्या पत्र्याखाली पंखा फिरवण्यातच जावे आणि त्या पत्र्याखालच्या भिंतीचा भरवसा नसावा, हे त्यांच्या स्वप्नात नव्हते.

आबांनी घर पाडलेले नाही. त्यांचा अर्ज आम्ही ग्रामसभेसाठी दिला आहे, जोडीला त्या वाडीतल्या इतर घरांची यादीही. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर आपापल्या वाडीची यादी तयार करा. भूकंप तारीख सांगून येत नाही. उन्हाळा मात्र दरवर्षी येतोच.

जय भीम!